देवयानीतल्या ताऱ्याचे तीन महाकाय ग्रह आणि हरवलेला एक

चांदणवाट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊला देवयानी तारकासमूह आपल्याकडे डोक्यावरून जरा उत्तरेला आलेला असतो. देवयानी दीर्घिका शोधताना ज्या मिराख ताऱ्यापासून आपण वाट काढतो, त्याच्या पूर्वेला आल्माख हा दुसरा ठळक तारा आहे. या दोघांना जोडणारी रेघ मनात ओढा. तिच्या मध्यापासून दोन-अडीच अंश उत्तरेला सरकलात की चौथ्या प्रतीचा एक तारा सापडतो. मुंबई-पुण्याच्या उजेडात तो हरवतो, पण वांगणीसारख्या ठिकाणी किंवा घाटमाथ्यावर चांगलं आकाश असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसतो. हा उप्सिलॉन अँड्रोमेडी. अंतर ४४ प्रकाशवर्षं. सूर्याच्याच कुळातला म्हणता येईल, फक्त थोडा दांडगा: वस्तुमान सूर्याच्या १.३ पट आणि तेज साधारण साडेतीन पट.

त्याच्याभोवती तीन महाकाय ग्रह फिरतात. सर्वात आतला ४.६ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, मधला २४१ दिवसांत, बाहेरचा साडेतीन वर्षांत. सामान्य, जिवंत ताऱ्याभोवती एकाहून जास्त ग्रह असल्याचा पहिला पुरावा इथे मिळाला, १९९९ साली. त्याआधी १९९२ मध्ये ग्रहांचं एक कुटुंब सापडलं होतं, पण ते एका स्पंदकाभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या अवशेषाभोवती.

परग्रहांचा विषय निघाला की गाडी लगेच 'तिथे कोणी राहतं का' या स्टेशनावर जाऊन थांबते. मला इथे वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. या तीन ग्रहांच्या कक्षा नीट पाहिल्या तर त्या कुटुंबात पूर्वी काय घडलं याचा माग लागतो. आपल्या सूर्यमालेत गुरू आणि शनी जवळजवळ वर्तुळाकार कक्षांमध्ये, जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. उप्सिलॉनच्या मधल्या आणि बाहेरच्या ग्रहांच्या कक्षा चांगल्याच लांबट आहेत. ताऱ्याभोवतीच्या तबकडीतल्या वायू-धुळीतून ग्रह जन्मतो तेव्हा त्याची कक्षा गोलच असायला हवी. मग ही लांबण आली कुठून?

एरिक फोर्ड, व्हेरीन लिस्टाड आणि फ्रेडरिक रासिओ यांनी २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचं उत्तर मांडलं. त्यांनी गणिताने या कक्षा मागे-पुढे चालवून पाहिल्या. मधल्या ग्रहाची कक्षा कायम लांबट राहत नाही. दर ६७०० वर्षांनी ती जवळजवळ गोल होते, मग पुन्हा ताणली जाते, पुन्हा गोल होते. म्हणजे मूळची ती गोलच होती. बाहेरच्या ग्रहाला कधीतरी अचानक जबर हिसका बसला, त्याची कक्षा लांबट झाली, आणि तेव्हापासून तो मधल्याला आपल्या तालावर ओढतो आहे. हिसका हळूहळू बसला असता तर मधल्याची कक्षा अशी पुन्हा पुन्हा गोल झाली नसती. असा हिसका द्यायला दुसरा एखादा मोठा ग्रहच लागतो. तो जवळून गेला, बाहेरच्याला धक्का दिला आणि स्वतः या कुटुंबाबाहेर फेकला गेला.

जो ग्रह आज तिथे नाही, त्याच्या असण्याची खूण दुसऱ्याच्या कक्षेत राहून गेली आहे. हे वाचल्यापासून हा तारा मला फार जवळचा वाटतो. ज्यांनी या विषयावर वाचलंय किंवा हा तारा पाहिलाय, त्यांनी कृपया लिहा.

बे_एरियातून

सुंदर धागा. मी सॅन होजेला राहतो आणि हा शोध ज्या वेधशाळेत लागला ती लिक वेधशाळा आमच्या पूर्वेकडच्या डोंगरावर, माउंट हॅमिल्टनवर आहे. स्वच्छ दिवशी तिचे पांढरे घुमट शहरातून दिसतात. जेफ मार्सी आणि पॉल बटलर या खगोलशास्त्रज्ञांनी याच डोंगरावरून बरीच वर्षं या ताऱ्याचा वेध घेतला. आतला ग्रह त्यांना १९९६ मध्ये सापडला.

ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात, त्यावरून ते ग्रह ओळखत. या पद्धतीतली एक गोष्ट इथे आवर्जून सांगाविशी वाटते. ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकात जाण्याआधी त्याच्या वाटेत आयोडिनची वाफ भरलेली एक काचेची कुपी ठेवत. आयोडिन स्वतःच्या हजारो बारीक काळ्या रेषा त्या वर्णपटावर उमटवतं. त्या रेषांच्या जागा अचूक माहीत असतात, त्यामुळे ताऱ्याच्या रेषा किती सरकल्या हे त्यांच्याशी ताडून मोजता येतं. दुर्बीण तापली, थंड झाली, उपकरण किंचित हललं, तरी दोन्ही रेषा बरोबरच हलतात.

आणि एक. या शहराने त्या काळी रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे लावले होते, त्यामागे वेधशाळेचाही विचार होता. तो पिवळा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, त्यामुळे तो गाळून टाकणं खगोलशास्त्रज्ञांना सोपं जातं. शहराने आकाशासाठी एवढं करावं याचा मला इथला रहिवासी म्हणून अभिमान वाटतो.

खडूफळा

धागा आवडला. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे एक प्रश्न. तारा डुलतो, त्यावरून ग्रह कळतो, इथपर्यंत मुलांना समजतं. पण तीन ग्रह असतील तर डुलणं एकच दिसणार ना? त्यातून तीन वेगळे कसे काढतात?

चांदणवाट

@खडूफळा, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

आधी डुलण्याबद्दल थोडं, नवीन वाचकांसाठी. मोठी बाई आणि लहान मुलगी फुगडी खेळतात तेव्हा मुलगी मोठा घेरा घेते, पण बाईही जागच्या जागी थोडी फिरतेच. तारा ही ती बाई. उप्सिलॉनचा प्रत्येक ग्रह त्याला सेकंदाला साधारण ५० ते ७० मीटर वेगाने पुढे-मागे हलवतो. प्रकाशाच्या वेगापुढे हे किती? वर्णपटातली रेषा आपल्या तरंगलांबीच्या सुमारे ४३ लाखांव्या भागाइतकी सरकते. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरने हलवतो आणि पृथ्वी फक्त ९ सेंटिमीटरने.

आता तिघांचा प्रश्न. १९९६ मध्ये ४.६ दिवसांची लय सापडली. ती सगळ्या नोंदींतून वजा केली तर उरायला हवी होती ती मोजमापातली नेहमीची बारीकसारीक चूक. पण शिल्लक राहिलेले आकडे त्यापेक्षा बरेच मोठे होते आणि काही वर्षं वर, काही वर्षं खाली असे जात होते. कुठेतरी पाणी मुरत होतं. एकच बाहेरचा ग्रह मानून बघितला, तरी आकडे बसेनात. दोन मानले, एक २४१ दिवसांचा आणि एक साडेतीन वर्षांचा, तेव्हा कुठे सगळं जुळलं. साडेतीन वर्षांची लय खात्रीने ओळखायची तर तिच्या दोन-तीन फेऱ्या तरी बघायला हव्यात. म्हणून लिकच्या ११ वर्षांच्या नोंदी कामी आल्या.

दुसऱ्या एका गटाने, हार्वर्ड-स्मिथसोनियन आणि कोलोरॅडोतल्या हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीच्या लोकांनी, ॲरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेतून स्वतंत्रपणे तेच उत्तर काढलं होतं. दोन दुर्बिणी, दोन उपकरणं, दोन गट आणि तेच तीन ग्रह. तीन ग्रहांवर विश्वास बसायला हे फार महत्त्वाचं ठरलं.

मृगशीर्ष

लेखन छान आहे, पण एका ठिकाणी मला थांबावंसं वाटतं. 'हरवलेला ग्रह' कोणी पाहिलेला नाही. गणितात तो घातला की कक्षा जुळतात, एवढंच. उद्या कोणी दुसरं गणित मांडलं तर? धाग्याच्या मथळ्यातच तो घातल्याने वाचणाऱ्याला ते सिद्ध झालंय असं वाटेल.

चांदणवाट

@मृगशीर्ष, तुमची हरकत रास्त आहे. फोर्ड आणि मंडळींनीही 'बहुधा' असाच शब्द वापरला आहे. मी त्यांच्या बाजूने का आहे ते सांगतो.

डॉपलर पद्धतीने, म्हणजे वर्णपटातल्या रेषा सरकण्यावरून, फक्त आपल्या दिशेची ये-जा कळते. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते कळत नाही, म्हणून वस्तुमानही 'किमान इतकं' एवढंच सांगता येतं. टेक्सास विद्यापीठाच्या बार्बरा मॅकआर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने या ताऱ्याचं आकाशाच्या पडद्यावरचं आडवं डुलणं मोजलं. हे किती नाजूक काम आहे याची कल्पना करा: एका अंशाचे ३६ लाख भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी हालचाल त्यांना पकडायची होती. २०१० मध्ये निष्कर्ष आला. मधल्या आणि बाहेरच्या ग्रहांच्या कक्षा एका पातळीत नाहीत. त्यांच्यात सुमारे ३० अंशांचा कोन आहे.

एकाच चपट्या तबकडीतून जन्मलेले दोन ग्रह आपणहून असे तिरके होत नाहीत. २००५ च्या गणितात हा कोन नव्हता, कारण तेव्हा तो माहीतच नव्हता. आणि नंतर जे मोजलं गेलं, तेही कोणीतरी जोराचा धक्का दिल्याचंच सांगतंय. या ताऱ्याला सुमारे ७५० पृथ्वी-सूर्य अंतरांवर एक लाल बटू, म्हणजे लहान, मंद तारा, जोडीदारही आहे, २००२ मध्ये सापडलेला. ग्रहांच्या कक्षा बिघडवण्यात त्याचा हात असू शकतो का याचीही चर्चा झाली आहे. मात्र मधल्या कक्षेचं ते पुन्हा पुन्हा गोल होणं अचानक बसलेल्या धक्क्याने सर्वात सहज उलगडतं, असं मला वाटतं.

मृगशीर्ष

३० अंशांचं माहीत नव्हतं. त्याने बाजू बरीच भक्कम होते. धन्यवाद.

नीरक्षीर

त्याच २०१० च्या मोजमापात वस्तुमानंही आली ना? मधल्याचं किमान वस्तुमान गुरूच्या दुप्पट धरलं जात होतं, ते एकदम १४ पट निघालं आणि बाहेरचा १० पट. आपण त्या कक्षा जवळजवळ वरून पाहतो आहोत, म्हणून डॉपलरला त्याचा छोटासाच भाग दिसत होता. पण गुरूच्या १३ पटींच्या वर गेलं की गाभ्यात ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, ज्वलन सुरू होतं आणि मग त्याला तपकिरी बटू म्हणतात, म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या मधला गोळा. तसं असेल तर मधला हा ग्रहच नव्हे!

चांदणवाट

@नीरक्षीर, आकडे बरोबर आहेत, पण १४ च्या आकड्यातली अनिश्चितता मोठी आहे, विशेषतः खालच्या बाजूला. तो ९-१० पटही असू शकतो. शिवाय १३ ची रेघ सोयीसाठी आखलेली आहे. माझ्या मते कशातून जन्मला हे जास्त महत्त्वाचं. ताऱ्याभोवतीच्या तबकडीत, भावंडांबरोबर वाढला असेल तर मी त्याला ग्रहच म्हणेन.

गुरुशिखर

अहमदाबादहून लिहितोय. भौतिक संशोधन प्रयोगशाळेची, म्हणजे पीआरएलची, माउंट अबूवर गुरुशिखरला वेधशाळा आहे. तिथलं 'पारस' उपकरण हेच डुलणं मोजण्यासाठी आपल्याकडे बनवलेलं आहे. या धाग्याला धरूनच सांगतो: २०२३ मध्ये तिथल्या गटाने टीओआय-४६०३ बी हा ग्रह जाहीर केला. वस्तुमान गुरूच्या जवळजवळ १३ पट आणि तरी ताऱ्याभोवतीची फेरी फक्त सव्वासात दिवसांची. अंतर ७३१ प्रकाशवर्षं. महत्त्वाचं म्हणजे त्याची कक्षा अजून लांबट आहे. इतक्या जवळच्या ग्रहाची कक्षा भरती-ओहोटीच्या ओढीने कालांतराने गोल होत जाते. म्हणजे हा ग्रह अजून त्या वाटेवर आहे. पूर्वी तो दूर होता, कुठल्यातरी ओढाताणीत त्याची कक्षा लांबट झाली, आणि आता ताऱ्याजवळ येऊन गोल होत चालला आहे. उप्सिलॉनच्या आतल्या ग्रहाची कक्षा आज जवळजवळ गोल आहे, त्याचाही भूतकाळ असा असू शकतो.

दुसरा मार्गही आहेच. ताऱ्याभोवती वायूची तबकडी असतानाच ग्रह तिच्याशी ओढाताण करत हळूहळू आत सरकतो. महाश्व तारकासमूहातल्या ५१ पेगासी या ताऱ्याच्या ग्रहाबद्दल १९९५ पासून हाच वाद चालू आहे, ज्याच्या शोधासाठी मायोर आणि केलोझ यांना २०१९ चं नोबेल मिळालं. इतक्या जवळ, इतक्या उष्णतेत एवढा मोठा वायूचा गोळा तयार होणं कठीण. तो बाहेर, बर्फ टिकतं तिथे जन्मला आणि आत आला, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे.

ओवी

पुण्यातली आहे म्हणून भर घालते. भारताच्या वाट्याला नाव ठेवायला आलेला तारा आणि ग्रहही असाच आहे. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव मिळालं आणि दोन दिवसांत फेरी मारणाऱ्या त्याच्या महाकाय ग्रहाला 'संतमस'. ग्रहाचं नाव सुचवलं होतं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने. उप्सिलॉनलाही नावं मिळाली आहेत का?

चांदणवाट

हो, २०१५ मध्ये. मोरोक्कोतल्या एका खगोलप्रेमी मंडळाने सुचवलेली. तारा टिटाविन, ग्रह आतून बाहेर साफ्फार, साम्ह आणि माज्रिती. तिन्ही ग्रहांची नावं अंदालुसियातल्या, म्हणजे मुस्लिम स्पेनमधल्या, दहाव्या-अकराव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांची आहेत. माज्रिती म्हणजे माद्रिदचा. मला ही निवड फार आवडली, कारण त्या लोकांनी आकाशाची कोष्टकं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं.

ओवी

साफ्फारवर हवा असेल तर ती कशी असेल? आतला म्हणजे तापून लाल झाला असेल.

चांदणवाट

त्याला आपल्या ताऱ्याकडून मिळणारा प्रकाश पृथ्वीला सूर्याकडून मिळणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे हजारपट आहे. त्याची एक बाजू कायम ताऱ्याकडे असावी. स्पिट्झर दुर्बिणीने त्याचं अवरक्त तेज फेरीभर मोजलं तेव्हा, २००६ मध्ये, दिवसाच्या आणि रात्रीच्या बाजूत सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा फरक निघाला. मग आणखी एक कोडं. सर्वात तापलेली जागा ताऱ्याच्या थेट समोर असायला हवी, पण २०१० च्या मोजमापांत ती तिथून सुमारे ८० अंश बाजूला निघाली. म्हणजे जवळजवळ दिवस-रात्रीच्या सीमेवर. प्रचंड वारे उष्णता वाहून नेतात म्हटलं तरी ती इतकी लांब जावी आणि वाटेत रात्रीच्या बाजूपर्यंत पोचू नये, हे दोन्ही एकत्र जुळवणं अवघड आहे.

दर्यावर्दी

मालवणहून. हे सगळं डुलण्यावरून कळलं, पण अशा ग्रहांचा कोणी फोटो काढलाय का? प्रत्यक्ष?

नीरक्षीर

@दर्यावर्दी, काढलाय, आणि योगायोगाने तो तारा तुमच्या बाजूच्या आकाशात आहे. टीवायसी ८९९८-७६०-१, मक्षिका तारकासमूहात, सुमारे ३०० प्रकाशवर्षं दूर. सूर्यासारखाच, पण वय फक्त १ कोटी ७० लाख वर्षं. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने त्याच्या दोन महाकाय ग्रहांचं चित्र टिपलं, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या एकाहून जास्त ग्रहांचं ते पहिलं थेट चित्र. ग्रह नुकतेच जन्मलेले असल्याने अजून स्वतःच्या उष्णतेने चमकतात, म्हणून दिसले. आतला पृथ्वी-सूर्य अंतराच्या १६० पट लांब आणि बाहेरचा ३२० पट. नेपच्यून ३० पटींवर आहे, त्यावरून अंदाज करा.

एप्रिल-मेमध्ये रात्री दक्षिणेला समुद्रावर त्रिशंकू दिसतो ना, त्याच्या लगेच खाली मक्षिका. हा तारा अकराव्या प्रतीचा आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसणार नाही, पण दिशा तीच.

दर्यावर्दी

त्रिशंकू इथे छान दिसतो. आता त्या बाजूला बघताना हे आठवेल. म्हणजे काही महाकाय ग्रह ताऱ्याला खेटून, तर काही इतके लांब?

चांदणवाट

हो, आणि म्हणूनच उप्सिलॉन मला मोलाचा वाटतो. एकाच घरात एक ग्रह खेटून, दोन मध्यम अंतरावर आणि बहुधा एक घराबाहेर.

ओवी

राहण्याजोग्या पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रव राहील अशा अंतरावर, काही असू शकतं का? तुम्ही सुरुवातीला तो विषय बाजूला ठेवला होता, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

चांदणवाट

विचारा की! तारा तेजस्वी असल्याने तो पट्टा बाहेरच्या ग्रहाच्या कक्षेपर्यंत सरकतो. साम्ह आणि माज्रिती यांच्या मधोमध पृथ्वीएवढा ग्रह ठेवून गणितं केली आहेत. दोन दांडग्यांच्या ओढाताणीत त्याची कक्षा टिकत नाही. माज्रितीला मात्र पृथ्वीला मिळतो त्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त प्रकाश मिळतो, म्हणजे मंगळापेक्षा जास्त. त्याला मोठा चंद्र असेल तर तिथे विचार करायला जागा आहे.

मृगशीर्ष

आणि तो फेकला गेलेला ग्रह? तो आज कुठे असेल?

चांदणवाट

ताऱ्यांच्या मधल्या अंधारात, कुठल्याही सूर्याशिवाय. असे एकटे भटके ग्रह खरोखर आहेत. मागच्या ताऱ्याचा प्रकाश त्यांच्या गुरुत्वाने थोडा वेळ वाढतो, त्यावरून त्यांचा पत्ता लागतो. पण तो नेमका कुठल्या घरातला हे ओळखायची सोय नाही. तारा काही अब्ज वर्षांचा आहे, तेवढ्या काळात ते सगळंच पांगतं.

खडूफळा

माझ्या मुलांना केप्लरचा तिसरा नियम शिकवायचा आहे. दरवेळी पृथ्वी आणि मंगळच घेते. हे आकडे चालतील का? ताऱ्याचं वस्तुमान १ नसताना काय करायचं?

चांदणवाट

फार छान होईल. अंतर पृथ्वी-सूर्य अंतरात आणि काळ वर्षांत घ्या. अंतराचा घन करा, ताऱ्याच्या वस्तुमानाने भागा, वर्गमूळ काढा. साम्ह: ०.८३ चा घन ०.५७२, भागिले १.३ म्हणजे ०.४४०, वर्गमूळ ०.६६३ वर्षं, म्हणजे २४२ दिवस. निरीक्षणातून आलेले २४१. साफ्फारसाठी ०.०५९ घेऊन मुलांना करू द्या.

खडूफळा

साफ्फारचं ४.५९ दिवस आलं, छान जुळलं. माज्रितीसाठी मी २.५ घेतलं तर १२६६ दिवस आले, आणि वाचलेला आकडा १२८१ आहे. पंधरा दिवसांचा फरक का?

चांदणवाट

२.५ ऐवजी २.५२ घेऊन बघा. घन करताना दुसऱ्या दशांश स्थळातली गोळाबेरीजसुद्धा वाढून पुढे येते.

खडूफळा

१२८१! वर्गात दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहीन आणि फरक कुठून आला ते मुलांनाच शोधायला लावीन.